आसरांनी नेलं म्हणतात

संपादकबाईंनी मुखपृष्ठाचं कच्चं चित्र मोबाइलवर पाठवलं तेव्हा मी लॅबमध्ये होते, आणि नशीब की हातात काचेचं काही नव्हतं. विहिरीच्या काठावर सात गोऱ्यापान पोरी, केस मोकळे, आणि प्रत्येकीच्या पाठीला पंख. चतुराला असतात तसे, आरपार दिसणारे. खाली लिहिलं होतं, ‘कसं वाटतंय? आजच्या वाचकाला परी पटकन कळते.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाण्यात राहणाऱ्या बायकांना पंख कशाला हवेत? चिकूच्या झाडावर बसून राखण करायला? तेवढंच लिहून पाठवलं आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

माझं डोकं लवकर तापतं. माहेर कराडकडचं, आणि आमच्या घरात सगळेच असे. मिरची आपल्या रानात कमी आणि जिभेवर जास्त, असं वडील म्हणायचे. इकडे आले ती नोकरीसाठी. तारापूर एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागले, बोईसरला दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेतली, आणि मग प्लँटवर काम करणारा एक चिंचणीचा मुलगा भेटला. प्लँट म्हटलं की इकडे एकच, वीज करणारा. त्याच्या घरची चिकूची वाडी, वाडीत विहीर, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच एक गाव. त्याचे लोक म्हणाले, मुलगी घाटावरची, आपल्यातली नाही. माझे लोक म्हणाले, इतक्या लांब कोण बघायला येणार? दोन्हीकडे आदळआपट झाली आणि लग्नही झालं.

मी जे लिहिते त्याला हल्ली मराठीतसुद्धा डार्क फँटसी म्हणतात. मी ‘भुताचं’ म्हणते, कारण सासूबाई तसंच म्हणतात. माझ्या कादंबरीत बंद पडलेल्या शेडमध्ये खवीस राहतात. त्यांना कंत्राटदाराने आणलंय. त्यांच्या गेटपासवर फोटोच्या जागी ओला डाग आहे. कामाच्या बदल्यात ते माणसाची एकेक आठवण घेतात, आधी आवडत्या भाजीची, मग गावच्या रस्त्याची, मग आईच्या आवाजाची. स्टेशनाबाहेरच्या रांगेत एक रिक्षा आहे, तिचा ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, कारण वळवायला त्याला मान नाही. कुंभवलीच्या चाळीत चेडे, म्हणजे इकडची गावठी भुतं, भाड्याने राहतात आणि नळावर हिंदीत भांडतात. आणि कारखान्याच्या मागे, कुंपणात, लोखंडी जाळीखाली एक जुनी विहीर आहे, तिच्यात आसरा, म्हणजे मुखपृष्ठावरच्या त्या सात पाण्यातल्या बायका, राहतात. गोऱ्यापान वगैरे काही नाहीत. दमलेल्या आणि चिडलेल्या आहेत.

या सगळ्यांमधून एक बाई चालत जाते. पॅकिंग खात्यातली साधी बाई. तिचं मूल गेलंय, आणि जो तो तिला सांगतो, आसरांनी नेलं. ती म्हणते, ठीक आहे, मग त्यांच्याकडून परत आणते. एवढीच गोष्ट. खवसांशी भांडत, चेड्यांना चुकवत, स्वतःच्या आठवणी एकेक करून देत ती त्या विहिरीपर्यंत पोचते.

ही बाई कुठून सुचली असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. आता सांगते.

सासूबाईंच्या घरात एक रीत आहे. सुनेला पाचवा महिना लागला की तिला वाडीतल्या विहिरीवर न्यायचं. काठाला शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. त्यांची ओटी भरायची, आणि मग सासूने वाकून सुनेची ओळख करून द्यायची. ही अमक्याची बायको, अमक्या गावची लेक, हिच्या पोटात आमचं मूल आहे, सांभाळा. ओळख करून दिली नाही तर त्यांना कसं कळणार कुणाला सांभाळायचं, असा सगळा हिशोब. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि अजूनही नाही, पण सासूबाईंनी इतक्या हौसेने मांडामांड केली होती की पदर डोक्यावर घेऊन मी हात जोडून उभी राहिले. हिरवा खण, नारळ, केळी, तांदूळ. शेजारच्या वाडीतल्या बायका आल्या होत्या, एक चुलत सासू होत्या. सासूबाई दगडांपाशी वाकून बराच वेळ पुटपुटल्या. मी मागे उभी होते आणि मला कडकडून भूक लागली होती, यापलीकडे माझं काही लक्ष नव्हतं.

सातव्या महिन्यात मूल गेलं. मुलगा होता. पालघरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, नाळेचा काहीतरी प्रकार होता, तुमचा यात काहीही दोष नाही. मी केमिस्ट, कारण कळलं की मला बरं वाटायला हवं. काही बरं वाटलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी मला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, भात कालवून भरवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. चुलत सासू भेटायला आल्या. चहाची बशी तोंडाला लावत म्हणाल्या, “आसरांनी नेला. परकं पानी वलखलं नाय त्यांनी.” परकं पाणी म्हणजे मी. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या उठल्या आणि आत गेल्या.

मी त्याचा सरळ अर्थ लावला. यांनाही तेच वाटतं, फक्त बोलत नाहीत. मनात गाठ बसली ती बसलीच. नंतर आम्हाला मूल झालं नाही. आम्ही दोघी एकमेकींशी कधी वाईट वागलो नाही, सण झाले, दुखणीखुपणी झाली, वाडीतले चिकू दर हंगामात आमच्या बोईसरच्या घरी येत राहिले. पण त्या गोष्टीबद्दल दोघीही मूग गिळून. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की त्यानंतर सासूबाई विहिरीवर ओटी भरायला गेल्या नाहीत. धाकटी जाऊ जायची. मला वाटायचं, माझ्यामुळे देवाशीसुद्धा वाकडं आलं यांचं.

त्या चहाच्या बशीतून कादंबरी निघाली. आसरांनी नेला काय, थांबा, त्यांनाच विचारते. लिहायला कित्येक वर्षं लागली. जनरल शिफ्टहून आलं की भाजी फोडणीला टाकायची आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या लिहायचं, शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा बसून लिहायचं. दोन प्रकाशकांनी परत पाठवली. एकाने तर कळवलं, मराठी वाचक भुतांकडे गंमत म्हणून बघतो, तुमची भुतं फारच गंभीर आहेत. मग पुण्याच्या या संपादकबाईंनी वाचली आणि त्यांना आवडली. बाई भल्या आहेत. पंखांवरून मी फणकारले तरी त्यांनी राग न धरता दुसऱ्या दिवशी पंख काढून टाकले. घोडं अडलं ते शेवटापाशी.

माझ्या शेवटात ती बाई विहिरीच्या तळाशी पोचते आणि मूल मागते. थोरली आसरा म्हणते, आमच्याकडे नाही. बाई ऐकत नाही, त्यांचं सगळं घर धुंडाळते. मूल नसतंच. मग ती वर येते.

“अहो, वाचक तीनशे पानं तिच्याबरोबर फरफटत आलाय,” संपादकबाई फोनवर म्हणाल्या. “त्याला शेवटी काहीतरी द्या. आसरांनी मूल परत द्यावं. बदल्यात हवं ते घेऊ देत त्यांना. तुम्ही शेवट बदललात तर पुस्तक या दिवाळीला काढू. नाहीतर मला वरच्यांना पटवणं कठीण जाईल.”

आता खरं सांगायचं तर मला ते पुस्तक छापून हवं होतं. फार हवं होतं. दोन दारं बंद झाली होती, हे तिसरं अर्धं उघडं होतं, आणि चौथ्याकडे जायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी एका शुक्रवारी बसले आणि नवा शेवट लिहून काढला. झरझर उतरला. थोरली आसरा हिरव्या खणात गुंडाळलेलं ओलं पोर बाईच्या हातात देते, आणि बदल्यात तिचं नाव घेते, म्हणजे यापुढे तिला कुणीच नावाने हाक मारू शकणार नाही. लिहिताना मलाच रडू आलं. नवऱ्याला वाचायला दिला. “चांगलं जमलंय,” असं म्हणून तो खाली गेला आणि स्कूटर पुसत बसला. स्कूटर आदल्याच दिवशी धुतलेली होती.

त्याच सुमारास सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. बाईंना दिवसभर वाडीत राबायची सवय, त्या गॅलरीत काळा चष्मा लावून पुढाऱ्यासारख्या बसून राहायच्या आणि कंटाळून जायच्या. तिसऱ्या दिवशी मी डोळ्यात थेंब घालत असताना म्हणाल्या, “ते तुझं भुताचं वाच की. कान तर चालतात माझे.”

मला संकोच वाटला. आसरांचं आहे, आणि त्यात मूल गेल्याचं आहे. पण नाही म्हणायला जीभ उचलेना. रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचायला लागले, आणि बाई काय एकेक बोलत होत्या. “खवसाला गेटपास कशाला? तो भिंतीतनं येल की.” मी म्हटलं, एमआयडीसी आहे आई, इथे खवसालाही सिक्युरिटी आत सोडत नाही. ते त्यांना पटलं. रिक्षावाल्याला मान नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मान नसंल, पन तोंड असंल. बोईसरचा हाय ना?” चेडे हिंदीत भांडतात यावर मात्र अडून बसल्या. चेडा आपल्या मातीतला, तो हिंदी का बोलेल? मी म्हटलं, इतकी वर्षं चाळीत भाड्याने राहतोय, शिकला. “मंग ठीक हाय,” म्हणाल्या, “मी पन शिकली भाजीवाल्याशी बोलून.” माझ्या कुठल्याच वाचकाने इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं, आणि मी दुपारपासून घरी जायची वाट बघायला लागले.

पॅकिंगवाली बाई यायची तेव्हा मात्र त्या गप्प व्हायच्या. मधे बोलायच्या नाहीत.

शुक्रवारी शेवटचं प्रकरण आलं. नवा शेवट कानाला कसा लागतो ते बघावं म्हणून मी तोच वाचला. हिरवा खण, ओलं पोर, सगळं. वाचून झाल्यावर मान वर केली. मला वाटलं होतं, म्हणतील छान आहे. त्या कठड्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

“दिला?” त्यांनी विचारलं.

“दिला.”

“तिच्या सासूनं काय केलेलं?”

“सासू नाहीच आहे या गोष्टीत, आई.”

“मंग कशाला दिला? कोनीतरी काहीतरी बरोबर केलं असंल ना, तेव्हाच दिला.”

झालं, माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं भसाभस बाहेर आलं. मी म्हटलं, “आई, सरळ बोला ना एकदाचं. मी बरोबर केलं नाही, असंच ना? माझं परकं पाणी, म्हणून गेला. त्या दिवशी तुम्ही उठून आत गेलात, तेव्हाच मला कळलंय तुमच्या मनात काय आहे ते.”

त्यांनी काळा चष्मा काढला. उजेड सोसत नव्हता तरी माझ्याकडे बघत राहिल्या.

“तुझं काय?” त्या म्हणाल्या. “तू काय केलंस? मी केलं. मी खोटं बोलली त्यांना.”

मला काही कळेना.

“तुझी चुलत सासू मला आधीच बोललेली. घाटावरची म्हनून सांगू नको, त्या जवळ करनार नाय. मी भ्यायली. पयलं नातवंड. मंग मी वाकून सांगितलं, आमच्या चिंचनीचीच लेक हाय, हितलंच पानी प्यालेली. देवाच्या तोंडावर खोटं. आता त्यांनी काय करावं सांग. जी पोरगी मी सांगितली, तिला त्या गावात शोधत बसल्या असतील. ती कुठं हाय? तू उभी होतीस तिथं, तुला कोनी बघितलंच नाय. मंग सांभालनार कोनाला?” मग म्हणाल्या, “ती बाई चा पिता पिता बोलली तेव्हा मला तुज्याकडं बघवंना. म्हनून उठली.”

मला बाईंचा राग आला आणि त्यांची माया आली, दोन्ही एकाच वेळी. राग याचा, की एवढी वर्षं ही सगळी बिनकामाची शिक्षा भोगत बसल्या आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. माया कशाची ते सांगायला नको. माझ्याकडे निदान डॉक्टरांनी दिलेलं कारण होतं, पटो न पटो. त्यांच्याकडे तेही नव्हतं, कारण नाळेबिळेचं त्यांना कुणी समोर बसवून सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात सगळे माझ्याशी आणि नवऱ्याशी बोलले. त्या बाहेर बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या.

मी आधी ते सांगितलं. नाळ म्हणजे काय, त्यातून बाळाला काय मिळतं, ते कसं कमी पडत गेलं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. पण चेहऱ्यावरून दिसत होतं की डॉक्टरचं म्हणणं एकीकडे आणि विहिरीवर दिलेला शब्द एकीकडे. तिथे माझं सायन्स पोचत नव्हतं. मग मी आत जाऊन जुन्या शेवटाची पानं काढून आणली.

“आई, आत्ता वाचला तो शेवट मी छापून यावं म्हणून लिहिला,” मी म्हटलं. “खरा हा आहे. ऐका.”

आणि मी वाचला. बाई तळाशी पोचते. सातजणी ओळीने बसलेल्या. बाई म्हणते, माझं मूल द्या. थोरली म्हणते, आमच्याकडे नाही. आम्ही कुणाचं नेत नाही. तुमच्याकडे काही हरवलं की तुम्ही आमच्या दारात येऊन आरडाओरडा करता, आणि आम्हाला वाईट वाटतं म्हणून आम्ही ऐकून घेतो. बाई म्हणते, मला खोटं सांगितलं गेलं, मीही वाटेत शंभर खोटी बोलले, त्याची ही शिक्षा आहे का? थोरली म्हणते, तुमच्या खोट्याने आमचं काही बिघडत नाही. आम्ही पाणी आहोत, आम्ही गाव विचारत नाही. मग बाई कोपरान्‌कोपरा शोधते, प्रत्येक दगड उचलून बघते, सहाव्या आसरेच्या पदराखालीसुद्धा बघते, आणि त्या तिला बघू देतात.

“सगलीकडं शोधलं तिनी?” सासूबाईंनी विचारलं.

“सगळीकडे.”

“नव्हता?”

“नव्हता. त्यांनी नेलाच नव्हता.”

“त्या खोटं तर बोलत नसतील?”

“नाही आई. त्या कशाला बोलतील?”

“हां,” त्या म्हणाल्या. “त्या नाय बोलायच्या. आपनच बोलतो.” आणि मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मी पळत जाऊन कापूस आणला. रडायचं नाही, डोळा खराब होईल, डॉक्टर मला फाडून खातील, असं ओरडत मी त्यांच्या डोळ्याखाली कापूस धरून बसले, आणि माझे स्वतःचे डोळे वाहत होते त्याकडे बघायला कुणी नव्हतं. नवरा भाजी घेऊन आला, आम्हा दोघींना बघून पिशवी तशीच धरून दारात उभा राहिला. सासूबाई त्याला म्हणाल्या, “काय नाय, पुस्तक चाललंय.”

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत फोन करणार होते, पण राहवेना. सकाळीच, डबे भरता भरता, संपादकबाईंना लावला. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ऐकत होत्या.

“शेवट पहिलाच राहील,” मी म्हटलं. “दुसरा मी फाडून टाकला.”

त्यांनी बरंच समजावलं. दिवाळी हातची जाईल म्हणाल्या. वरचे लोक ऐकणार नाहीत म्हणाल्या. मी हो हो करत राहिले आणि पोळ्या कागदात गुंडाळत राहिले. शेवटी त्या थोड्या कळवळून म्हणाल्या, “पण मग एवढं सगळं करून त्या आईच्या हातात काहीच राहत नाही हो.”

“नाही राहत,” मी म्हटलं. “मला माहीत आहे. माझ्याही नाही राहिलं.”

मग त्या हळूच म्हणाल्या, मला कल्पना नव्हती. मी म्हटलं, तुम्हाला कशी असणार, मी सांगितलंच नव्हतं. वरच्यांशी बोलते, पण शब्द देत नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“काय बोलली?” सासूबाईंनी विचारलं.

“विचारून सांगते म्हणाल्या. बहुतेक नाही छापणार.”

“नाय तर नाय. पुन्यात काय एकच छापनारा हाय?” त्या स्टुलावरून उठल्या आणि डब्याची झाकणं लावायला लागल्या. “दुसरीकडं जाऊ. डोला बरा झाला की मी येते तुज्यासंगती. मी सांगते त्याला, त्यांनी नाय नेला म्हनून.”